मटकी फडक्यातच का बांधायची?

«ताई, माझी मुलगी तिसरीत आहे. २८ फेब्रुवारीला शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि तिची ही पहिलीच वेळ. तीन आठवडे हातात आहेत. पालकांच्या ग्रुपवर रोज नवे फोटो येतात. कुणी तयार ज्वालामुखी मागवलाय, कुणी चांद्रयान. आमच्या मिस्टरांचं म्हणणं, इंजेक्शनच्या सिरिंज वापरून जेसीबी करू, ते स्वतः करून देतील. मी बी.कॉम. झालेली, दहावीनंतर विज्ञानाशी संबंध आला नाही. मुलीला विचारलं तुला काय करायचंय, तर म्हणते तूच सांग. एरवी मात्र दिवसभर प्रश्न विचारून भंडावून सोडते. परवा सासूबाई मटकी बांधत होत्या, तर ‘आजी, फडक्यातच का बांधतेस, डब्यात ठेवली तर मोड येणार नाहीत का?’ म्हणून अर्धा तास त्यांच्या मागे लागली. शेवटी मीच ओरडले. प्रदर्शनाचं मात्र काहीच सुचत नाही. मदत करायची तर किती करायची, तेही कळत नाही.»
— एक आई, नाशिक

प्रिय आई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मटकीच्या वाक्याखाली पेन्सिलनं रेघ मारली. तुम्ही ते ओघात, थोडं वैतागून लिहिलंय. पण तुमच्या मुलीचा प्रकल्प त्याच वाक्यात आहे.

तिला ‘प्रदर्शनासाठी काय करायचंय?’ असं विचारलं की ती ‘तूच सांग’ म्हणणारच. आठ वर्षांच्या मुलीला प्रदर्शन म्हणजे काय, हे कुठे माहीत असतं? चार्टपेपर, थर्माकोल, गर्दी आणि समोर परीक्षक, इतकंच तिच्या कानावर आलेलं असतं. डब्यात मोड येतात की नाही, हे मात्र तिला खरोखरच जाणून घ्यायचंय. त्यासाठी तिनं आजीचा अर्धा तास घेतला आणि तुमचं ओरडणं खाल्लं. ओरडल्याचं मनाला लावून घेऊ नका, संध्याकाळी ओट्यापाशी उभं राहून कामं उरकणारी कुठलीही बाई ओरडली असती. तो प्रश्न तिला परत द्या, म्हणजे झालं.

आणि प्रश्न किती चांगला आहे बघा. करून बघता येतो. घरात करता येतो. दोन-तीन दिवसांत उत्तर येतं, ते डोळ्यांना दिसतं आणि मोजता येतं. ‘विश्व कसं तयार झालं?’ हाही प्रश्न चांगलाच, पण त्याला तीन आठवडे आणि तुमचा ओटा पुरणार नाही.

२८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन आपण १९८७ पासून पाळतो, कारण चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाश कसा विखुरतो याबद्दलचा आपला शोध १९२८ मध्ये याच तारखेला जाहीर केला. त्या शोधाची सुरुवात कशी झाली, हे तुमच्या लेकीला जरूर सांगा. १९२१ मध्ये रामन युरोपहून बोटीनं परत येत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग बघून त्यांना प्रश्न पडला, की समुद्र निळा का? आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून, असं रेली यांच्यासारखे मोठे शास्त्रज्ञ सांगत होते. रामन यांच्याजवळ एक छोटा लोलक होता. त्यातून बघत त्यांनी पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला. निळा रंग तरीही गेला नाही. मग तो पाण्यातूनच येत असणार. या धाग्यावर पुढची काही वर्षं काम झालं आणि १९३० मध्ये नोबेल मिळालं. समुद्र निळा का, हा तिसरीतल्या मुलीचाच प्रश्न आहे. मोठ्यांनी दिलेलं उत्तर करून बघितल्याशिवाय त्यांनी मानलं नाही. तुमची लेक आजीच्या मागे लागली होती, ती याच कारणासाठी.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सविस्तर सांगते, कारण तुम्हाला विज्ञानाचा धाक वाटतोय आणि त्याची गरज नाही.

आधी अंदाज. घरातल्या प्रत्येकानं एकेका चिठ्ठीवर लिहायचं: फडक्यात, डब्यात आणि उघड्या ताटलीत मटकी ठेवली, तर सगळ्यांत जास्त मोड कुठे येतील आणि का? आजीनं लिहायचं, बाबांनी लिहायचं, तुम्हीही लिहायचं. चिठ्ठ्या घडी घालून एका डबीत ठेवा. तुम्हाला उत्तर माहीत असलं तरी तोंडून काढू नका. आजींना मात्र बोलू द्या. ‘फडक्यात ऊब राहते’, ‘डब्यात घुसमटतं’, ‘वास येतो’ असं काही त्या सांगतील. मुलीनं ते आजीच्याच शब्दांत वहीत उतरवायचं. चाळीस-पन्नास वर्षं मटकी बांधणाऱ्या बाईचं निरीक्षण आहे ते, त्याला मान द्यायचा आणि मग तपासायचं. दोन्ही एकत्र होऊ शकतं, हे मुलीला या वयात कळलं तर फार चांगलं.

मग मटकी मोजायची. कोरडे दाणे, प्रत्येक वाटीत ५०. दहा-दहाचे पाच ढीग करायला सांगा, म्हणजे चुकणार नाही. ‘अंदाजे मूठभर घे’ असं म्हणू नका. तीन वाट्यांमध्ये दाणे सारखे असले, तरच शेवटी तुलना करता येईल. दाणे एकाच पुडीतले हवेत, पाणी एकाच हंड्यातलं आणि तेवढंच हवं, भिजवायची वेळही एकच. रात्री आठला भिजत घातले की सकाळी सहाला तिन्ही वाट्या निथळायच्या. मग पहिल्या वाटीतले दाणे ओल्या सुती फडक्यात, दुसऱ्या वाटीतले स्टीलच्या डब्यात झाकण लावून आणि तिसऱ्यातले उघड्या ताटलीत. तिन्ही एकाच फडताळावर ठेवा. एक गॅसजवळ आणि एक खिडकीत असं झालं, तर जागेमुळे फरक पडला की डब्यामुळे, ते सांगता येणार नाही. बदलायची ती एकच गोष्ट, बाकी सगळं सारखं. तिसरीच्या मुलीला हे भाषण देऊन कळणार नाही. एखादी वाटी मुद्दाम गॅसजवळ ठेवून ‘चालेल ना?’ असं विचारा. ती स्वतःच ‘नाही चालणार, तिला जास्त गरम लागेल’ म्हणाली, की तिला प्रयोग समजला.

आता गंमत सुरू होते. सकाळी शाळेत जाण्याआधी आणि संध्याकाळी दिवेलागणीला, दिवसातून दोनदा दाणे बघायचे आणि मोड आलेले मोजायचे. पहिल्याच संध्याकाळी ती तुम्हाला विचारेल, ‘आई, याला मोड आला म्हणायचं का?’ दाणा फुगलेला असेल, साल तडकलेलं असेल, पण आतून काही बाहेर आलेलं नसेल. उत्तर देऊ नका. तिलाच नियम ठरवू द्या. पांढरं टोक सालाबाहेर दिसलं तरच मोड, असं तिनं ठरवलं तर ते वहीत लिहायचं आणि शेवटपर्यंत तोच नियम पाळायचा. तिला एवढंही सांगा, की आपण ज्याला मोड म्हणतो ते रोपाचं पहिलं मूळ असतं. बी रुजताना आधी मूळ बाहेर येतं, पानं नंतर. हे कळल्यावर ती उसळ जरा निराळ्या नजरेनं खाईल.

दुसऱ्या सकाळी फडकं सुकायला लागेल. आजी सवयीनं त्यावर पाणी शिंपडतील. मग ताटलीवरही शिंपडायचं का? शिंपडलं तर ती ‘उघडी ताटली’ राहिली का? नाही शिंपडलं, तर फडक्याला जास्त पाणी मिळालं, हे बरोबर आहे का? या प्रश्नावर तुमच्या घरात वाद होईल आणि तो व्हायलाच हवा. दोन्ही बाजू बरोबर आहेत. मुलीनं एक ठरवायचं आणि काय ठरवलं, का ठरवलं, ते लिहायचं. मोठ्या प्रयोगशाळांत माणसं याच गोष्टीवर तासन्‌तास बोलतात.

वाट्यांमध्ये दोन-चार दाणे असे सापडतील, की ते ना फुगतील ना तडकतील. गणंग. सासूबाई ते उसळीत दाताखाली येऊ नयेत म्हणून वेचून टाकत असतील. मुलीला ते टाकू देऊ नका, वेगळ्या वाटीत ठेवायला सांगा. त्या दाण्यांचं कवच इतकं घट्ट असतं, की पाणी आतच शिरत नाही. बी मेलेलं असेलच असं नाही, पाऊस नक्की लागलाय याची खात्री होईपर्यंत ते थांबलेलं असतं. मटकी कोरडवाहू भागातलं पीक आहे, राजस्थानात ती सगळ्यांत जास्त होते. एका सरीनं सगळीच बियाणं रुजली आणि पुढे पाऊस दडी मारून बसला, तर सगळीच जातील. थोडी मागे राहिलेली असली, तर पुढच्या पावसाला उगवतील. त्या गणंगाचं कवच तिला सँडपेपरवर हलकेच घासून पुन्हा भिजवू द्या आणि काय होतं ते बघू द्या. माझ्या मते या सगळ्या प्रकल्पात सगळ्यांत सुंदर भाग हाच आहे आणि तो कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

पहिली फेरी अडीच-तीन दिवसांत संपेल. मग चिठ्ठ्या उघडा. झाकणाच्या डब्यातही मोड चांगले आले, असं होण्याची शक्यता बरीच आहे, कारण डब्यातही ओल टिकते आणि एवढ्याशा दाण्यांना पुरेल इतकी हवा आत असते. तसं झालं, तर आजी म्हणतील, ‘आले असतील, पण चिकट झालेत, वास बघ.’ मुलीनं तेही नोंदवायचं. मोड किती आले हा एक प्रश्न आणि ते खाण्यासारखे आहेत का, हा दुसरा. आजी कदाचित दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत होत्या.

एकदा करून थांबू नका. तेच पुन्हा करा, आकडे जवळपास तेच येतात का बघा. दुसऱ्या वेळी वेगळे आले तर घाबरू नका आणि चुकूनही खाडाखोड करून ते जुळवू नका. फेब्रुवारीत नाशिकच्या रात्री कधी गार, कधी उबदार असतात, त्यानंही फरक पडतो. तिसऱ्या फेरीपर्यंत मुलीचे स्वतःचे नवे प्रश्न तयार झाले असतील. निथळलंच नाही, पाण्यातच ठेवलं तर? फ्रीजमध्ये ठेवलं तर? उन्हात ठेवलं तर? यातला एक तिला निवडू द्या. पाण्यात बुडालेल्या दाण्यांना श्वास घ्यायला अडचण होते, कारण ऑक्सिजन हवेत पसरतो त्याच्या सुमारे १० हजार पट हळू पाण्यातून पसरतो. फ्रीजच्या गारव्यात वाढ जवळजवळ थांबते, म्हणूनच मोड आले की आपण मटकी फ्रीजमध्ये टाकतो. हे तुम्हाला माहीत असू द्या, पण तिनं बघितल्यानंतरच सांगा. एक काळजी घ्या: प्रयोगातले दाणे चाखायचे नाहीत, पाण्यात राहून आंबलेले तर नाहीच, आणि हात लावल्यावर साबणानं धुवायचे.

आलेख काढायला गणिताची चौकटीची वही घ्या. एका दाण्याला एक चौकट, रंगवत वर जायचं. फडक्याचा एक रंग, डब्याचा दुसरा. आठ वर्षांच्या मुलीला बार ग्राफ शिकवावा लागत नाही, चौकटी रंगवताना तो आपोआप तयार होतो.

आता मदत किती, हा तुमचा खरा प्रश्न. यावर मी थोडं कडक बोलणार आहे, कारण ही चूक मी स्वतः केलीय.

माझा मुलगा चौथीत असताना त्याच्यासाठी मी पवनचक्की केली. ‘त्याच्यासाठी’ म्हणजे तो झोपल्यावर, रात्री एक वाजेपर्यंत जागून. कार्डशीटची पाती, खाली छोटी मोटर, सेल, हिरव्या कागदाचं शेत. दिसायला फार देखणी झाली होती. प्रदर्शनात परीक्षकांनी त्याला विचारलं, ‘पातं कशामुळे फिरतं?’ तो म्हणाला, ‘वाऱ्यामुळे.’ त्यांनी हळूच सेल काढला. पातं थांबलं. खोलीत पंखा चालू होता, तरी ते हललं नाही. वाऱ्यावर वीज तयार करणारी चक्की म्हणून आम्ही जी मांडली होती, ती प्रत्यक्षात विजेवर वारा घालत होती आणि हे मलाही रात्री एक वाजता सुचलं नव्हतं. मुलानं गर्दीत मला शोधलं. त्याची ती नजर मी अजून विसरलेली नाही. त्याला कसलं तरी प्रमाणपत्र मिळालं, पण घरी आल्यावर पवनचक्की कपाटावर गेली आणि त्यानं तिला परत हात लावला नाही. पुढच्या वर्षी शाळेची सूचना आली, तेव्हा तो म्हणाला, ‘आई, तू काय करणार आहेस?’

म्हणून सांगते. दाणे तिनं मोजायचे, हात तिचे ओले झाले पाहिजेत, अक्षर तिचं हवं. वहीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर राहू द्या. चार्टपेपरवरचं शीर्षक वाकडं गेलं तर जाऊ द्या. फार तर पेन्सिलनं रेघा आखून द्या. तुमचं काम वेळ सांभाळायचं, सकाळी सहाला आठवण करायची, कात्री-सुरी तिच्या हाती एकटीला द्यायची नाही आणि तिनं काही सांगितलं की ‘बरं, तुला कसं कळलं?’ एवढं विचारायचं. हा शेवटचा प्रश्न तुम्ही तीन आठवडे रोज विचारलात, तर परीक्षकांसाठी वेगळी तयारी करावी लागणार नाही. भाषण लिहून पाठ करून घेऊ नका. पाठ केलेलं वाक्य मधेच तुटलं की मूल गप्प होतं. स्वतः केलेलं सांगताना ते कुठूनही सुरुवात करू शकतं. एखाद्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तर ‘माहीत नाही, पण करून बघता येईल’ असं म्हणायला हरकत नाही, हे तिला आधी सांगून ठेवा.

तुमच्या मिस्टरांचा जेसीबी मोडीत काढू नका. ते प्रेमापोटीच म्हणतायत आणि सिरिंजमधल्या पाण्याचा दाब एका टोकाकडून दुसरीकडे जातो, हे मुलीला हाताळायला मिळालं तर मजाच आहे. तो सुट्टीत दोघांनी मिळून करावा, स्पर्धेविना. सध्या त्यांना एक महत्त्वाचं काम द्या: रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून, तिन्ही वाट्यांचा मोबाइलवर फोटो काढायचा. शेवटी ते फोटो क्रमानं चिकटवले की वाढ कशी झाली, ते एका नजरेत दिसतं. लागलंच तर वाट्या मांडायला एखादी लाकडी पट्टीही करून द्यावी त्यांनी.

ज्वालामुखीबद्दल दोन शब्द, कारण ग्रुपवर तो हटकून असणार. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर मिसळलं की कार्बन डायऑक्साइड तयार होऊन फेस येतो. आम्ल आणि सोड्याची ती क्रिया आहे, ज्वालामुखीत असं काही होत नाही. तिथे जमिनीखाली वितळलेला खडक असतो आणि त्यात कोंडलेले वायू. आणि तुम्ही नाशिकच्या आहात. पांडवलेणी ज्या काळ्या दगडात कोरली आहेत तो बेसाल्ट म्हणजे लाव्हाच, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. पण तो मुख्यतः शंकूच्या टोकातून उसळला नाही, जमिनीच्या लांबलचक भेगांतून थरावर थर पसरत गेला. पायऱ्यांसारखे दिसणारे आपले डोंगर त्या थरांचेच आहेत. मुलीला कधी ज्वालामुखीत रस वाटला, तर आधी तिला त्या डोंगरावर घेऊन जा.

दोन व्यवहाराच्या गोष्टी राहिल्या. उद्याच वर्गशिक्षिकेला भेटून विचारा, की मॉडेलच हवंय की प्रयोगही चालेल. बहुतेक बाई आनंदानं हो म्हणतील. ‘चालतं मॉडेल’ हवं असं सांगितलं, तर चढत्या मोडांच्या वाट्या मांडून ठेवा, त्या जिवंत आहेत. आणि त्या मांडणीसाठी उलटं गणित करा. प्रदर्शन २८ ला सकाळी असेल, तर एक वाटी २५ च्या रात्री, दुसरी २६ च्या रात्री आणि तिसरी २७ च्या रात्री भिजत घाला. म्हणजे टेबलावर एकीकडे नुकते फुगलेले दाणे, मधे कोवळे मोड आणि शेवटी लांब मोड, असं सगळं एकदम दिसेल. गणंगाची वाटी पुढे ठेवा. लाजरं मूलही हातात काही धरलं की बोलायला लागतं आणि त्या चार दाण्यांबद्दल तिच्याइतकं त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नसेल.

बक्षीस मिळेलच, असं मी म्हणणार नाही. शेजारच्या टेबलावर दिवे लुकलुकत असतील, रॉकेट धूर सोडत असेल आणि तुमच्याकडे मटकी. काही परीक्षक दिव्यांपाशी थांबतात. तिला वाईट वाटलं तर वाटू द्या, जवळ घ्या, समजुतीची लांब भाषणं नकोत. पण जे परीक्षक वाकून त्या वाटीत बघतील आणि ‘हे चार का नाही उगवले गं?’ असं विचारतील, त्यांच्याशी ती पाच मिनिटं बोलेल. तेव्हा तुम्ही जरा लांब उभ्या राहा, म्हणजे ती तुमच्याकडे बघणार नाही.

आज रात्री जेवताना तिला एवढंच म्हणा, ‘परवा तू आजीला काय विचारत होतीस, ते मला परत सांग बरं.’ मग मटकीची बरणी तिच्यासमोर ठेवा.

आणि गणंग किती निघाले, ते मला जरूर कळवा.

तुमची ताई